गाळणीनंतरचा बटवडा

‘आम्ही स्पॅम फिल्टर बसवलाय’ हे वाक्य हल्ली लोक ‘मुलगा अमेरिकेत असतो’च्या चालीवर म्हणतात. म्हणजे झालं, विषय संपला, पुढे काही विचारू नका. मला नेमका पुढचाच प्रश्न पडतो. गाळून झालं, ठीक. पण गाळलेला चहा कपात पडतोय की ओट्यावर, हे कुणी बघितलं का?

आमच्या धंद्यात गाळणीवर सगळे भरभरून बोलतात. बेझचं गणित, मशीन लर्निंग, आता एआय. सेल्सवाल्याच्या प्रेझेंटेशनमध्ये फिल्टरवर दहा स्लाइड असतात. गाळून स्वच्छ ठरलेला मेल ज्याचा त्याला पोचवायचा कसा, यावर मात्र फक्त एक बाण असतो. फिल्टरच्या ढगातून निघून ‘तुमचा मेल सर्व्हर’ असं लिहिलेल्या चौकोनाकडे जाणारा साधा, काळा बाण. आज त्या बाणाबद्दल लिहायचंय.

टपालखात्यात या बाणाला फार छान शब्द आहे, बटवडा. थैली आली, फुटली, छाननी झाली की पोस्टमन बटवड्याला निघतो. छाननी वेगळी आणि बटवडा वेगळा, हे त्या खात्याला आपल्याआधी कितीतरी वर्षं कळलेलं आहे. पिन कोडच बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशात सुरू झाला आणि त्यामागचं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचं. टपाल-तार खात्यातले मोठे अधिकारी, आणि वर संस्कृतचे पंडित. (परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षी १८ मे ला स्थापन झालं. म्हणजे आमच्याकडे ‘बहात्तर’ म्हटलं की नुसता दुष्काळच आठवायला पाहिजे असं नाही.)

परभणीचा पिन आहे ४३१४०१. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा ठरतो. उरलेले तीन आकडे सांगतात की शेवटी बटवडा कुठल्या पोस्टातून होणार. सहातले तीन आकडे छाननीला आणि तीन बटवड्याला! वेलणकरांनी अर्धा पिन बटवड्यासाठी राखून ठेवला, आणि आम्ही इंजिनिअर लोक एका बाणावर भागवतो.

आता ज्यांचा मेल सर्व्हरशी संबंध फक्त पासवर्ड विसरण्यापुरता येतो, त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या डोमेनचं टपाल कुठल्या मशीनवर नेऊन टाकायचं, हे डीएनएसमध्ये लिहून ठेवलेलं असतं. त्या नोंदीला एमएक्स म्हणतात. फिल्टर घ्यायचा म्हणजे त्या नोंदीतून आपल्या सर्व्हरचं नाव काढायचं आणि फिल्टरवाल्याचं टाकायचं. मग सगळं जग तुमचे मेल फिल्टरवाल्याकडे नेऊन देतं, तो गाळतो, आणि उरलेले तुमच्या जुन्या सर्व्हरकडे पाठवतो. एका पोस्टाची दोन पोस्टं झाली. आता दुसरं पोस्ट पहिल्याला ओळखतं की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

हे पुस्तकात वाचून कळतं. पण अंगात भिनलं ते मानवतला.

मानवत हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कापसाची जुनी बाजारपेठ. सेलू-मानवत पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत, त्यातला एक माझ्या मावशीच्या यजमानांचा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, सरकी वेगळी होते, रुईच्या गठाणी बांधल्या जातात. एक गठाण साधारण १७० किलोची, आणि भाव बोलायचा तो खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर. माल जातो लांब लांबच्या सूतगिरण्यांना. घेणारा आणि देणारा एकमेकांचं तोंड वर्षानुवर्षं बघत नाहीत. नमुना जातो, लॅबचा रिपोर्ट येतो, धाग्याची लांबी इतके मिलिमीटर, मायक्रोनेअर इतका, कचरा इतका टक्के, आणि सौदा मेलवर ठरतो. तेव्हा ‘छोट्या गावात कशाला हवंय स्वतःचं डोमेन’ असं कुणी म्हणालं तर त्याला हंगामात एक दिवस तिथल्या ऑफिसात बसवावं.

एका हंगामात काकांचा फोन आला.

“अरे, ह्या मेलचं काहीतरी बघ बाबा. काही येतेत, काही येईनात. पार्टी म्हणती पाठविला, मुनीमजी म्हणतेत आलाच नाही. आता खरं कुणाचं मानू?”

झालं होतं असं. तमिळनाडूतल्या एका सूतगिरणीशी शंभर गठाणींचा सौदा ठरला होता. नमुन्याचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी मेल केला की मायक्रोनेअर ठरल्याप्रमाणे नाही, गाडी भरू नका, संध्याकाळपर्यंत नवा भाव कळवा. इकडे कुणी तो मेल बघितलाच नाही. गाडी भरली, निघाली, तिकडे दारात उभी राहिली. शंभर गठाणी म्हणजे सतरा टन माल, परगावी, दुसऱ्याच्या फाटकाबाहेर. गाडीच्या खोटीचे पैसे भरून आणि भाव पाडून तो कसाबसा उतरवला.

आणि खापर फुटलं मुनीमजींवर.

मुनीमजी साठीच्या पुढचे. तीस वर्षं त्याच गादीवर. रोजमेळात एक पैसा चुकला तर रात्री जेवत नसत म्हणे. ऑफिसातलं एक पोरगं त्यांच्या देखत म्हणालं होतं, “आता दिसंना झालंय त्यांला.” काका तसं काही बोलले नव्हते. पण ‘असं नाही’ असंही म्हणाले नव्हते.

मी शनिवारी पोचलो तेव्हा मुनीमजींनी माझ्यापुढे एक बॉक्स फाइल ठेवली. त्या प्रकरणानंतर दोन आठवडे ते दर तासाला इनबॉक्स उघडत होते, त्याची प्रिंट काढत होते, खाली तारीख, वेळ आणि सही टाकून फाइलला लावत होते. जाडजूड गठ्ठा झाला होता. पुन्हा कुणी ‘मेल आला होता’ म्हणालं तर पुरावा पाहिजे म्हणून.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्याआधी आनंद झाला. एवढा स्वच्छ डेटा आम्हाला कंपनीतसुद्धा मिळत नाही :)

फाइल चाळताना एक गोष्ट दिसायला लागली. दलाल, गाडीवाले, छोटे व्यापारी यांचे मेल नियमित येत होते. हे सगळे जीमेलचे फुकटचे पत्ते. येत नव्हते ते मोठ्या गिरण्यांचे, ज्यांचं स्वतःचं डोमेन आहे आणि ज्यांच्याकडे पगारी आयटीवाला माणूस आहे. गाळणीला भोक असतं तर उलटं व्हायला पाहिजे होतं. इथे व्यवस्थित माणसांचे मेल गायब होत होते आणि बाकीचे सुखरूप येत होते.

इथे एसपीएफबद्दल सांगायला हवं. मेलच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, ही मेलची जन्मजात खोड. त्यावर उपाय म्हणून डोमेनचा मालक डीएनएसमध्ये यादी लावतो की माझ्या नावानं मेल पाठवायचा अधिकार फक्त या या मशीनला आहे. यादीच्या शेवटी तो एक शेरा मारतो. काहीजण मऊ शेरा मारतात, ‘यादीबाहेरचा दिसला तर जरा संशय घ्या’. जीमेलचा शेरा असा मऊ आहे. काहीजण कडक मारतात, ‘यादीबाहेरचा असेल तर घेऊच नका’. ज्या गिरण्यांचा आयटीवाला जागरूक, त्यांचा शेरा कडक.

आता बाण आठवा. गिरणीच्या मशीननं मेल फिल्टरवाल्याकडे दिला. फिल्टरवाल्यानं यादी तपासली, मशीन यादीत आहे, उत्तम. मेल गाळला, स्वच्छ निघाला. मग तो त्यानं काकांच्या जुन्या सर्व्हरला नेऊन दिला. पण त्या जुन्या सर्व्हरला फिल्टर आल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं! त्याची एसपीएफची तपासणी पूर्वीसारखी चालूच. त्यानं बघितलं, मेलवर नाव गिरणीचं आणि आणून देणारं मशीन भलतंच. यादीत नाही. शेरा कडक. ५५०, चालते व्हा. मऊ शेऱ्याचे मेल थोडा संशय घेऊन आत सोडले जात होते. ज्यांनी सगळं नियमानं केलं होतं त्यांचेच मेल दारातून परत जात होते.

परत तरी कुठे जात होते म्हणा. सर्व्हरनं नाकारलेला मेल फिल्टरवाल्याच्या हातात राहिला. अशा वेळी पाठवणाऱ्याला ‘पोचला नाही’ असं कळवायचं असतं, त्याला बाउन्स म्हणतात. ते बाउन्स बसवणाऱ्या तंत्रज्ञानं बंद करून ठेवले होते. त्यामुळे गिरणीच्या लॉगमध्ये ‘दिला’, मानवतच्या इनबॉक्समध्ये काही नाही, आणि मधल्या मधे मेल कचऱ्यात. दोन्हीकडची माणसं शपथेवर खरं बोलत होती.

होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला फोन करून करून रविवारी दुपारी लॉगच्या ओळी हातात आल्या. त्या दिवशीची तारीख, सकाळची वेळ, गिरणीचं डोमेन, आणि पुढे ५५०. मी ती ओळ मुनीमजींना दाखवली.

“म्हंजे दारापर्यंत आला व्हता.”

“हो मुनीमकाका. दारापर्यंत आला होता. आत घेतला नाही.”

“कुणी?”

“मशीननं.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, ओळ परत वाचली आणि म्हणाले, “मंग मशीनची बी सही घेत जावा की. माझी घेतेत तशी.”

काका शेजारीच होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं चहा आला तेव्हा पोराला म्हणाले, “आधी मुनीमजींना दे.”

परतीच्या गाडीत, परळी-लातूररोडच्या वाटेवर, मी त्या सहीचाच विचार करत होतो. कारण मशीनची सही खरंच असते! तिचं नाव २५०.

दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती भाषा म्हणजे एसएमटीपी. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ती लिहून काढली, आणि २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. संवाद अगदी साधा. मी अमुक, तमुककडून मेल आणलाय, तमक्यासाठी आहे, घेतोस का? समोरच्याची उत्तरं तीन प्रकारची. दोनशेच्या घरातलं, ‘घेतला’. चारशेच्या घरातलं, ‘आत्ता जमत नाही, नंतर ये’. पाचशेच्या घरातलं, ‘घेणार नाही’. बस्स.

यातल्या ‘घेतला’ या उत्तराला मोठं वजन आहे. मजकूर घेऊन झाल्यावर २५० म्हटलं की त्या क्षणापासून मेलची जबाबदारी तुमची. पुढे पोचवा, नाहीतर पोचला नाही असं पाठवणाऱ्याला कळवा. मशीन मधेच बंद पडलं, जागा संपली, असल्या किरकोळ कारणांनी तो हरवता येणार नाही असं नियमातच लिहिलंय. आणि गुपचूप टाकून देण्याबद्दल तर स्पष्ट म्हटलंय की व्यवहारात लोक तसं करतात खरे, पण ते अतिशय धोक्याचं आहे आणि मेलच्या जुन्या परंपरेला सोडून आहे. तांत्रिक दस्तऐवजात ‘परंपरा’ वगैरे शब्द सहसा येत नाहीत. इथे आलाय.

चारशेच्या उत्तराचंही मला कौतुक वाटतं. समोरचा सर्व्हर ‘आत्ता नाही’ म्हणाला किंवा उचललाच नाही, तर पाठवणारा मेल टाकून देत नाही. रांगेत ठेवतो, थोड्या थोड्या वेळानं परत जाऊन बघतो, आणि चार-पाच दिवस तरी हार मानत नाही. आमच्याकडच्या बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगच्या दिवसांत कुणाचा सर्व्हर ऑफिसातच असता, तरी दिवसभर वीज नाही म्हणून मेल हरवला नसता, फक्त उशिरा आला असता. पोस्टेल यांनी मराठवाड्याचं लोडशेडिंग बघितलं नव्हतं, पण सोय करून ठेवली होती.

इतक्या विश्वासावर उभ्या असलेल्या यंत्रणेत आपण मधे गाळणी घातली. घालायला तर हवीच होती. ३ मे १९७८ ला अमेरिकेत डीईसी या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेटवरच्या जवळजवळ चारशे लोकांना एकदम जाहिरात पाठवली, ती पहिली स्पॅम मानतात. तेव्हापासून ही पीडा सुटलेली नाही. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायचा लेख लिहिला आणि गाळण्या खरोखर चांगल्या झाल्या. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती २५० म्हणून मग मेल गिळून टाकण्याबद्दल.

त्या तंत्रज्ञाच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. बाउन्स बंद करण्यामागे कारण असतं. स्पॅमवरचं पाठवणाऱ्याचं नाव खोटं असतं. आधी २५० म्हणून मेल घ्यायचा आणि नंतर ‘पोचला नाही’ म्हणून त्या खोट्या पत्त्यावर कळवायचं, तर ज्याचं नाव चोरलंय त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर हजारो बाउन्स पडतात. पण त्यावर उपाय तोंड दाबून बसणं हा नाही. नकार द्यायचा तर दारातच द्यायचा, २५० म्हणायच्या आधी, समोरचं मशीन जोडणीवर उभं असताना. म्हणजे खरा पाठवणारा असेल तर त्याला तिथल्या तिथे कळतं, आणि खोटा असेल तर कुणाच्याच डोक्यावर काही पडत नाही.

आता कामाचं. बाण नीट बसवायचा म्हणजे काय काय करायचं, ते ज्यांच्यावर वेळ येईल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

एक. जुन्या सर्व्हरला फिल्टरची ओळख करून द्या. फिल्टरवाल्याच्या आयपी पत्त्यांची यादी घ्या आणि त्यांच्याकडून येणाऱ्या मेलपुरती सर्व्हरची एसपीएफ तपासणी बंद करा. पाठवणाऱ्याचं खरं मशीन फक्त फिल्टरला दिसतं, तेव्हा ती तपासणी त्याचीच. एका वाड्याला दोन गुरखे ठेवले आणि दुसऱ्यानं पहिल्यालाच अडवलं तर चोर नाही, पाहुणे उपाशी राहतात.

दोन. मागचं दार बंद करा. एमएक्स बदलला तरी जुना सर्व्हर इंटरनेटवर उभाच असतो आणि स्पॅमवाल्यांना त्याचा पत्ता पाठ असतो. पोर्ट २५ वर फिल्टरशिवाय कुणाकडूनही मेल घ्यायचा नाही असा नियम लावा. पण हे पहिलं काम झाल्यावर, आणि एमएक्सचा बदल सगळीकडे पसरल्यावर. आणि ‘असू दे बॅकअपला’ म्हणून जुना सर्व्हर एमएक्समध्ये दुसऱ्या नंबरावर ठेवू नका. स्पॅमवाले मुद्दाम शेवटच्या नंबराचं दार आधी वाजवतात.

तीन. फिल्टरला पुढचा पत्ता देताना सर्व्हरचं नाव द्या, डोमेनचं नको. डोमेन दिलं तर फिल्टर डीएनएसला विचारणार की या डोमेनचा एमएक्स कोण, आणि उत्तर येणार ‘तूच’! मग मेल स्वतःलाच देत बसतो. पोस्टफिक्समध्ये पुढच्या सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात लिहितात, त्याचा अर्थ एवढाच की एमएक्स विचारू नकोस, सरळ जा.

चार. मेलबॉक्स होस्टिंगवर असतील तर तिथल्या पॅनेलमध्ये डोमेन ‘लोकल’ आहे असं हातानं सांगा. बऱ्याच पॅनेलमध्ये हे आपोआप ठरवण्याची सोय असते. एमएक्स दुसरीकडे गेलेला दिसला की ते शहाणपणानं ठरवतं की या डोमेनचं टपाल आता आपल्याकडे नाही, आणि फिल्टरनं आणलेला मेल घेतच नाही.

पाच. फिल्टरला मेलबॉक्सची यादी द्या. काकांकडे चौदा आहेत. पंधराव्या नावाचा मेल आला तर फिल्टरनं दारातच ‘असं कुणी राहत नाही’ म्हणायला हवं. यादी नसेल तर तो सगळं घेतो आणि मग पुढे अडकतो.

सहा. एमएक्स बदलायच्या एक-दोन दिवस आधी त्या नोंदीचा टीटीएल कमी करा. नाहीतर अर्धं जग जुन्या पत्त्यावर जात राहतं आणि काय बिघडलंय ते कळत नाही.

सात, आणि सर्वांत महत्त्वाचं. ‘नक्की स्पॅम’, ‘नक्की चांगला’ आणि ‘शंका आहे’ अशा तीन वाटा ठेवा. नक्की स्पॅम दारातच नाकारा. शंकेचा मेल फिल्टरवाल्याच्या पोर्टलवर अडकवून ठेवू नका, त्यावर खूण करा आणि ज्याचा आहे त्याच्याच जंक फोल्डरमध्ये टाका. पोर्टलचा क्वारंटाइन म्हणजे परगावच्या पोस्टात पडून राहिलेलं पत्र. मुनीमजींना तर त्या पोर्टलचा पासवर्ड कुणी दिलाच नव्हता.

या शंकेच्या वाटेवर मानवतला आणखी एक गंमत सापडली. फिल्टर वरून चकचकीत असला तरी आतून स्पॅमअसॅसिनच होता. तो प्रत्येक मेलला गुण देतो आणि मुळात ५ गुणांना स्पॅम धरतो. आता जिनिंगचा खरा मेल कसा असतो? विषय ‘अर्जंट’, आत रेट, पेमेंट, बँकेचं नाव, सोबत एक्सेलची फाइल, मजकूर दीड ओळ. म्हणजे दिसायला अस्सल स्पॅम! त्यात भर म्हणून भाषेच्या सेटिंगमध्ये फक्त इंग्रजीवर खूण केलेली. या सेटिंगचा अर्थ असा की मजकूर दुसऱ्या भाषेत वाटला तर जास्तीचे गुण, म्हणजे स्पॅमचे. गाडीवाल्यानं देवनागरीत सरळ लिहिलेला मेल आधीच दोन पावलं संशयित. स्पॅमअसॅसिनच्या भाषांच्या यादीत मराठी आहे बरं का! फक्त कुणीतरी खूण करायची असते. कोपऱ्यातली एक चौकट, कुणाच्या लक्षातही आली नसती.

शेवटी चाचणी. गाळणी चालते का हे बघायला जीट्यूब नावाची एक ठरलेली अक्षरांची माळ आहे, ती मेलमध्ये घातली की स्पॅमअसॅसिन १००० गुण देऊन टाकतो. ती सगळे करतात. मी त्याबरोबर कडक शेरा असलेल्या डोमेनवरून एक अगदी साधा, सज्जन मेल पाठवतो आणि तो कपात पडेपर्यंत लॉग बघत बसतो. अडवायचं ते अडतंय का, याइतकंच पोचायचं ते पोचतंय का, हेही तपासायला लागतं.

आता थोडं गणित. फिल्टरवाले सांगतात, आमची चूक हजारात एक. ऐकायला झकास वाटतं. ऑफिसला दिवसाला पन्नास मेल येत असतील तर वीस दिवसांत एक चांगला मेल चुकीचा ठरणार. पाच महिन्यांच्या हंगामात सात-आठ. ते कुठले सात-आठ हे कुणालाच आधी माहीत नसतं. दिवाळीच्या शुभेच्छांचे असतील, किंवा ‘गाडी भरू नका’ असाही असेल. दारात नाकारला तर पाठवणारा फोन करतो, जंकमध्ये पडला तर मुनीमजी तिथेही बघतात. गिळला तर मात्र दोन्ही रस्ते बंद, आणि मग शोधाशोध सुरू होते ती माणसाच्या चुकीची. कारण मशीन चुकत नाही असं आपणच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आपण पुण्यात बसून असल्या चौकटींवर खुणा करत असतो. स्लाइडवर ते ‘०.१ टक्का’ असतं. पलीकडे तीस वर्षं रोजमेळ जुळवणारा माणूस तासातासाला प्रिंट काढून स्वतःच्या खरेपणाचा पुरावा साठवत बसतो. आपल्याला तो कधी दिसत नाही, बाणाच्या टोकाला असतो म्हणून.

असो. कुणी फिल्टर विकायला आला तर किती अडवता हे विचारू नका, ते तो न विचारता सांगेल. एवढंच विचारा, “तुम्ही २५० म्हणून घेतलेला मेल आमच्यापर्यंत पोचला नाही, तर कुणाला सांगता?” उत्तर पटकन आलं तर चहा पाजा. तो “बघून सांगतो” म्हणाला तर चहा आपणच प्या आणि दुसऱ्याला बोलवा.